यंत्र मक्तेदारांचे, लढा जनतेचा : कोलकात्याचे धडे

मोबाईलच्या पडद्यावरून एका रात्रीत लाखो लोकांपर्यंत पोहोचता येते; मग शाखा, वर्गणी, साप्ताहिकाची विक्री, गल्लीतल्या सभा हा खटाटोप कशाला, असा सवाल परिवर्तनवादी गटांत आज उघडपणे केला जातो. दुसऱ्या टोकाला, ही सारी भांडवलदारांची खेळणी असून लढाऊ कार्यकर्त्याने त्यांना हातही लावू नये, असे म्हणणारेही आहेत. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत आणि त्यांचे खंडन कोणत्याही पुस्तकी युक्तिवादापेक्षा कोलकाता शहराच्या अनुभवाने अधिक निर्णायकपणे केले आहे.

यंत्राला विरोध हा डाव्यांचा स्वभावच आहे, अशी कुचेष्टा भांडवली वृत्तपत्रे करतात आणि इलॅको हाऊसचा दाखला देतात. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने कोलकात्यातील या इमारतीत इलेक्ट्रॉनिक संगणक बसवण्याचा घाट घातला, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी तेथे पहारा देऊन त्याला विरोध केला. तो लढा यंत्राच्या पोलादाशी नव्हता. यंत्राचा लाभ कोणाच्या पदरात आणि बेकारी कोणाच्या माथी, हा त्यातील प्रश्न होता. यंत्र बदलले, मालकी कोणाची, हा प्रश्न तोच राहिला.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकाच मेटा कंपनीची मालमत्ता आहे. तिचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींचे. म्हणजे माणसाचे लक्ष हाच तिचा विक्रीचा माल होय. अशा मालकाच्या आवारात भरलेली सभा मालक केव्हाही उधळू शकतो. २० डिसेंबर २०२० रोजी आंदोलक शेतकऱ्यांचे ‘किसान एकता मोर्चा’ हे फेसबुक पान काही तास बंद पडले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या हुकमावरून ट्विटरने त्याच मोर्चाचे खाते रोखले. दिल्लीच्या सीमेवरील तंबू मात्र कोणालाही बटण दाबून बंद करता आले नाहीत.

मालकाच्या पाठीशी राज्यसंस्था उभी असतेच. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांनी मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवले. एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली आणि अटकही त्यांनाच झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरीही हा खटला रेंगाळत राहिला आणि प्राध्यापकांची त्यातून मुक्तता व्हायला जानेवारी २०२३ उजाडला.

असे असूनही माध्यमाकडे पाठ फिरवणे हा शहाणपणा नव्हे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. फेसबुकवरून निघालेल्या एका हाकेसरशी १४ ऑगस्टच्या रात्री ‘रात दखल’ करण्यासाठी कोलकात्यात आणि राज्यभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. हे सामर्थ्य नाकारणारा कार्यकर्ता जनतेपासूनच तुटेल.

परंतु त्याच रात्री गुंडांच्या जमावाने त्याच रुग्णालयाची मोडतोड केली. पडद्यावरील हाकेला स्वयंसेवक दल नसते! पुढे जे पदरात पडले ते कनिष्ठ डॉक्टरांच्या काम बंद आंदोलनाने आणि स्वास्थ्य भवनासमोरील अहोरात्र ठिय्याने. १७ सप्टेंबरला कोलकात्याच्या पोलीस आयुक्तांना पद सोडावे लागले, ते संघटित दबावामुळे. पसंतीच्या अंगठ्यांमुळे नव्हे.

याच माध्यमाने चळवळीला विषही पाजले. शवविच्छेदनाविषयी निराधार गोष्टी हजारो हातांनी पुढे ढकलल्या. मृत तरुणीचे नाव आणि छायाचित्रे सर्वत्र फिरवली गेली. ती काढून टाकण्याचा आदेश २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. न्याय मागणाऱ्यांनीच पीडितेची अप्रतिष्ठा करावी, यापरते लाजिरवाणे काय? शिवाय प्रत्येक अफवा सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडते. एक खोटी गोष्ट उघडी पडली की दहा खऱ्या प्रश्नांवर पडदा टाकता येतो.

प्रचाराची चमक म्हणजे जनाधार, हा भ्रमही सोडला पाहिजे. २०२१च्या महामारीत डाव्या तरुणांच्या ‘रेड व्हॉलंटिअर्स’नी फोनवरून निरोप मिळताच प्राणवायूची नळकांडी घरोघर पोहोचवली, तेथे यंत्र सेवेच्या कामी आले. मार्च २०२४ मध्ये माकपने बंगालच्या निवडणूक प्रचारासाठी ‘समता’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका पडद्यावर आणली. तिची चर्चा देशभर झाली. परंतु ४ जूनच्या निकालात पश्चिम बंगालमधून डाव्या आघाडीचा एकही खासदार निवडून आला नाही. हे सत्य कटू आहे, म्हणूनच ते सांगितले पाहिजे.

महाराष्ट्राने याचे दुसरे अंग पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईत आला, तेव्हा शेतकऱ्यांच्या फोड आलेल्या पायांची छायाचित्रे मोबाईलवरून घरोघर गेली. पण ते पाय मोबाईलने चालवले नव्हते. त्यांच्यामागे आदिवासी पाड्यांतील वर्षानुवर्षांचे संघटनकार्य होते.

तेव्हा कार्यक्रम स्पष्ट आहे. व्हॉट्सॲप गट शाखेच्या अधीन असावा, शाखा गटाच्या अधीन नव्हे. खातरजमा न झालेला मजकूर पुढे पाठवणे हा शिस्तभंग मानला जावा. सभासदांचे पत्ते कंपनीच्या हवाली न ठेवता शाखेच्या वहीत असावेत. पडद्यावर भेटलेला प्रत्येक सहानुभूतीदार सभेला, वाचनाला, लढ्याला आणला जावा. हत्यार शत्रूच्या कारखान्यातले असले तरी ते चालवता येते. मात्र हात संघटनेचा हवा.