खिडकीशी मोजलेले समाधान

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ साली, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता, यावर तेव्हा पुष्कळ वाद माजला. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. औषध पोहोचते की नाही, हा प्रश्न त्यामुळे चव्हाट्यावर आला. हाती पडलेले औषध रुग्णाला उमगले काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

केंद्र सरकारने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ ही रुग्णांचे अभिप्राय घेणारी व्यवस्था सुरू केली. तीत असमाधानाची कारणे विचारली जातात ती कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा अशी. औषधाची खिडकी तीत वेगळी दिसत नाही. आणि दिसली असती तरी काय निष्पन्न झाले असते? उमरीकडचा शेतमजूर रोज बुडवून रांगेत उभा राहतो. गोळ्या फुकट मिळाल्यावर ‘समाधानी आहात ना?’ असे विचारले, तर तो ‘व्हय साहेब, चांगलं हाय’ असेच म्हणणार. हे समाधान नव्हे, भीड होय. पुढच्या महिन्यात त्याच खिडकीशी यावयाचे आहे, हे तो विसरत नाही.

वस्तुतः मोजमापाची बरी रीत जुनीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये औषधवापराच्या पाहणीसाठी जे निर्देशक ठरविले, त्यांत औषध देताना रुग्णासाठी खर्ची पडलेला सरासरी वेळ, लिहून दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष मिळालेली औषधे, पाकिटावरील मजकूर आणि रुग्णाला मात्रा ठाऊक आहे की नाही, हे सारे येते. मधुमेहाची गोळी जेवणाआधी की नंतर, एक वेळ चुकली तर पुढे दोन घ्यावयाच्या काय, असे दोन प्रश्न फाटकाशी विचारले तरी खिडकीचा ताळेबंद निघेल.

२०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी असे समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरविले. आमच्या लेखी मात्र औषधनिर्माण अधिकारी अजून ‘कंपाउंडर’च. साठ्याच्या नोंदवह्या, मागणीपत्रे आणि पुढ्यात रांग. तो बोलणार केव्हा? उमरीचा रुग्ण रेल्वेने निजामाबादलाही जातो. तेथील गोळी आणि सरकारी गोळी हे एकच औषध दोन नावांनी पोटात जात असेल, तर ते पडताळण्याची जागा हीच खिडकी होय.

तेव्हा अभिप्रायाचे अर्ज छापण्यापूर्वी त्या खिडकीत आणखी एक माणूस नेमावा; आणि फाटकाशी प्रश्न विचारणारा त्या रुग्णालयाचा नोकर नसावा.