ऐरणीच्या कडा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांबरोबरच शेतीच्या अवजारांसाठीही लोक तिथे जातात. कोयता घेणारा शेतकरी पाते बोटाने वाजवून पाहतो, धार निरखतो, मूठ तोलतो. ते पाते ज्या ऐरणीवर घडले ती मात्र कुणी पाहत नाही. कोयता वर्षभर टिकणार की पहिल्याच राबतोडीत मुठीपाशी मोडणार, हे बरेचसे तिच्या कडांवर ठरते.

शहापूर-मुरबाडकडे शेतघर घेतलेला कुणी छंद म्हणून भट्टी मांडतो, तेव्हा त्याला आधी चोचीची ऐरण हवीशी वाटते. एका बाजूला निमुळती गोल चोच, मध्ये सपाट माथा, दुसऱ्या टोकाला एक चौकोनी आणि एक गोल भोक. हा लंडन घाट जगभर चित्रांतून पोचला आहे. चोच लागते ती नाल, कडी, आकडा, नक्षीचे वळण यांसाठी. आपल्या लोहाराकडे मात्र ओंडक्यात रोवलेला पोलादी ठोकळा असतो आणि त्यावर विळा, कोयता, फाळ, पहार सगळे घडते. जपानी पातीकारही बिनचोचीच्या आयताकृती ऐरणीवरच काम करतात. पाते घडवायला हातोड्याच्या बरोबर खाली भरीव वजन हवे, एवढीच मुख्य अट आहे. बिडाची ओतीव ऐरण स्वस्त मिळते, पण ती घाव गिळते आणि कडेला तुटते. बेअरिंगची गोळी वीतभर उंचीवरून सोडून पाहावी: चांगल्या ऐरणीवर ती बरीचशी उंची परत गाठते, बिडावर मेल्यासारखी पडते.

आता कडा. नव्या ऐरणीची काटकोनी, धारदार कड पाहून शिकाऊ माणूस खूश होतो, पण काम बिघडवते तीच. तापलेली पट्टी कडेवर ठेवून मुठीत जाणारे शेपूट काढताना अशी कड आतल्या कोपऱ्यात खाच पाडते. पुढच्या घावांनी ती खाच मिटल्यासारखी दिसते. आत घडी मात्र राहते, आणि ताण येताच तडा तिथूनच सुरू होतो. कड गोलसर असेल तर धातू तिच्यावरून वळतो, तुटक पायरी पडत नाही. शिवाय चुकार घाव बसला की कडक पोलादाची धारदार कड टवका सोडते. तो टवका डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय ऐरणीपुढे बसू नये, हे आम्ही निक्षून सांगू.

सगळी कड सारखी गोल करणेही बरोबर नाही. एका टोकाला साधारण दहा मिलिमीटरची गोलाई ठेवून ती हळूहळू तीनपर्यंत उतरवावी आणि पलीकडच्या बाजूला बोटभर जागा जवळपास काटकोनी राखावी. मग कामाप्रमाणे जागा निवडता येते. ग्राइंडरला पॉलिशपेपरची चकती लावून हलक्या हाताने, थांबत थांबत घासावे. पोलादावर पिवळा किंवा निळा रंग चढला, तर तिथला कडकपणा उतरू लागला असे समजावे. घासलेले परत भरता येत नाही, तेव्हा आज थोडे आणि महिनाभर काम केल्यावर उरलेले, हा क्रम उत्तम. हातोड्याच्या तोंडाच्या कडाही अशाच मोडाव्यात. नाहीतर प्रत्येक घावाचा चंद्रकोरीसारखा वण पात्यावर उठतो.

ऐरण परवडत नसेल तर रुळाचा तुकडा चालतो. साठ किलो जातीच्या रुळाचा अर्धा मीटर म्हणजे तीस किलो पोलाद. तो आडवा ठेवला तर मधली पातळ भिंत लवते आणि घाव वाया जातो. उभा रोवला तर माथा लहान मिळतो, पण सगळे वजन घावाखाली येते. कसारा मार्गालगत असे तुकडे दिसतात, त्यांना हात लावू नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. पावतीसह भंगारवाल्याकडूनच घ्यावा.

हे सारे शिकायला लांब जायची गरज नाही. घिसाडी कुटुंबात पुरुष सांडशी धरतो आणि बाई घण मारते. त्या घणाखाली वर्षानुवर्षे झिजलेली कड कुठे किती गोल आहे, हे नुसते पाहिले तरी पुष्कळ समजते. मात्र छंद असणाऱ्याने त्या वेळेची मजुरी द्यावी, फुकट दाखवा म्हणू नये. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन मिळते. त्या प्रशिक्षणात ऐरण पारखणे आणि तिच्या कडा घासणे यांना निदान एक दिवस द्यावा, आणि तो दिवस शिकवायला तालुक्यातल्याच जुन्या लोहाराला मानधन देऊन बोलवावे.