कलमे पाठ असलेला साहेब

मोठ्या कंपन्यांच्या फायनान्स विभागात एक समज पक्का रुजलेला आहे. ट्रेझरीत गेलात तर बँकवाले ओळखतील, बिझनेस फायनान्समध्ये गेलात तर एमडी ओळखतील, आणि टॅक्समध्ये गेलात तर फक्त असेसिंग ऑफिसर ओळखेल. (फेसलेस असेसमेंट आल्यापासून तोही ओळखेनासा झाला, ही गोष्ट निराळी.) नुकत्याच सीए झालेल्या मुलांना सीनियर हाच सल्ला देतात: दोन-तीन वर्षे टॅक्स कर आणि वेळीच निसट, तिथे राहिलास तर ‘हेड-टॅक्स’च्या पुढची पाटी तुझ्या दारावर लागायची नाही.

या सल्ल्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा. कर हे कायद्याचे काम आहे, नेतृत्वाचे नव्हे. ज्याला कलमे, परिपत्रके आणि निवाडे तोंडपाठ, तोच उत्तम प्रमुख. हाताखाली वेळेवर रिटर्न भरणारी चार मुले असली की विभाग चालतो, आणि पुढेमागे तीही सॉफ्टवेअरमुळे लागणार नाहीत.

पण करातली चूक जन्माला कुठे येते, हे या मंडळींनी कधी पाहिलेले दिसत नाही. कर विभागात ती क्वचितच जन्मते. तिथे ती फक्त सापडते, तीही उशिरा.

एक नेहमीचा प्रकार घ्या. दिवाळीच्या आधी विक्री विभाग डीलरांसाठी योजना काढतो: इतक्या मालाची उचल करा आणि जोडीने बँकॉकला चला. १ जुलै २०२२पासून लागू झालेले १९४आर कलम म्हणते, धंद्याच्या ओघात दिलेल्या अशा लाभाची किंमत वर्षात २० हजार रुपयांवर गेली तर १० टक्के टीडीएस हवा. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, तरतूद राहिली. आता लाभ सहलीच्या रूपात असेल तर कापायचे कशातून? म्हणून कायदा सांगतो, लाभ देण्यापूर्वीच कर भरला गेल्याची खात्री करा. म्हणजे एकतर डीलरने स्वतः कर भरून चलन दाखवावे, नाहीतर कंपनीने तो बोजाही स्वतः उचलावा. ‘साहेब, तुमच्या बँकॉकवर आधी टॅक्स भरा’ असे राज्यातल्या सर्वांत मोठ्या डीलरला फोन करून सांगायचे कोणी? विक्रीवाले सांगत नाहीत. त्यांना पुढच्या तिमाहीचे टार्गेट आहे. सहल होते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ट्रॅव्हल एजंटचे बिल ‘सेल्स प्रमोशन’ या खात्यात बुक होते आणि टीडीएसचे तिमाही विवरण भरताना ते टॅक्सच्या मुलाच्या नजरेस पडते. मग वरातीमागून घोडे.

यात कलम कोणाला माहीत नव्हते असे नाही. फक्त योजनेचा कच्चा मसुदा फिरत असताना कर विभागाला कोणी विचारले नाही, आणि न विचारताही तिथे जाऊन बसेल एवढे वजन त्याच्या प्रमुखाला नव्हते. ही उणीव ज्ञानाची नाही, व्यवस्थापनाची आहे.

जीएसटीतही हेच. १ जानेवारी २०२२पासून पुरवठादाराने बिल आपल्या विवरणात दाखवून ते तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये उतरल्याखेरीज क्रेडिट घेता येत नाही. पुरवठादार निवडला परचेसने, दोन टक्के स्वस्त मिळतो म्हणून. त्याने विवरण भरले नाही की १८ टक्के अडकले. सॉफ्टवेअर ‘मॅच होत नाही’ एवढे लाल अक्षरात दाखवते. पण त्या पुरवठादाराचे पेमेंट थांबवा असे प्लांट हेडला ऐकवण्याचे काम सॉफ्टवेअर करत नाही. उलट गोष्ट प्राप्तिकराच्या ४३बी(एच) कलमाची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच वजावटीस मिळतो. खेळते भांडवल छान दिसावे म्हणून मार्चअखेर पेमेंट रोखून धरणारी ट्रेझरी आणि त्यामुळे वाढलेल्या कराचे खापर ज्याच्या माथी फुटते तो टॅक्सवाला, दोघे बहुधा एकाच मजल्यावर बसतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की कर विभागाच्या प्रमुखाचे खरे काम आपल्या चार मुलांना सांभाळणे नाहीच. जे त्याला रिपोर्ट करत नाहीत त्यांच्याकडून काम करवून घेणे हे त्याचे काम आहे. कंपनीत यापेक्षा अवघड नेतृत्व फारसे नसावे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक फसवा आहे, कारण तो स्तुतीच्या वेषात येतो: चांगला टॅक्स हेड तो, जो कर वाचवतो. व्होडाफोनचे उदाहरण समोर असताना असे कोणी म्हणावे याचे नवल वाटते. २००७मध्ये हचिसनचा भारतातला मोबाइल व्यवसाय व्होडाफोनने केमन बेटांवरच्या कंपनीमार्फत विकत घेतला. सुमारे ११ हजार कोटींच्या करमागणीवर मुंबई उच्च न्यायालयात कंपनी हरली, २० जानेवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयात जिंकली आणि त्याच वर्षी सरकारने पूर्वलक्षी दुरुस्ती करून निकालच निष्प्रभ केला. २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि २०२१मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी मागणी कायद्याने मागे घेतली. पूर्वलक्षी कराचे समर्थन मी करणार नाही. तो प्रकार वाईटच होता. पण कागदावर बिनचूक असलेला सल्लाही चौदा वर्षे डोक्यावर टांगता राहू शकतो, हे संचालक मंडळाला सौदा करण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगणारा माणूस लागतो. वाचलेल्या कराचा आकडा त्याची किंमत दाखवत नाही.

आणि सोप्या वाटणाऱ्या निर्णयातही असा माणूस लागतोच. सप्टेंबर २०१९मध्ये कंपन्यांना २२ टक्क्यांचा, अधिभार-उपकरासह २५.१७ टक्क्यांचा पर्याय मिळाला. त्यासाठी तेव्हा बऱ्याच सवलती आणि साठलेले मॅट क्रेडिट सोडावे लागत होते, आणि एकदा घेतलेला पर्याय परत फिरवता येत नाही. निर्णय संचालकांचा, पण तो पोर्टलवरचा १०-आयसी फॉर्म मुदतीत भरल्यावरच लागू होत असे. पहिल्याच वर्षी इतक्यांचा फॉर्म राहिला, की केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला मार्च २०२२मध्ये विलंब माफीचे परिपत्रक काढावे लागले. बोर्डरूम आणि ज्युनिअरची खुर्ची यांच्यातले अंतर सांभाळणे म्हणजेच व्यवस्थापन.

कलमे न कळणारा मॅनेजर चालेल, असा याचा अर्थ मुळीच नाही. तो बाहेरच्या सल्लागारांच्या तालावर नाचेल. तज्ज्ञता हवीच. पण ट्रिब्युनलपुढचे पेपरबुक लावण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही, त्याला बढती म्हणून अप्रेझल आणि बजेटच्या बैठकांत कोंडायचे, यात तज्ज्ञही जातो आणि प्रमुखही मिळत नाही. त्याला तितक्याच पगाराची तज्ज्ञाची वेगळी शिडी द्या. प्रमुख होऊ पाहणाऱ्याला मात्र मधली दोन-तीन वर्षे कारखान्याच्या कॉस्टिंगला किंवा परचेसच्या कराराच्या टेबलावर काढायला लावा. बिल कसे जन्माला येते हे तिथेच कळते. तेवढे केलेला टॅक्सवाला सीएफओच्या खुर्चीला उपरा वाटणार नाही. विक्री, खरेदी, मनुष्यबळ, कारखाना या सगळ्यांच्या आतल्या गोष्टी माहीत असलेली दुसरी माणसे कंपनीत असतात किती?

तेव्हा संचालकांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी हेड-टॅक्सची मुलाखत घ्याल, तेव्हा उमेदवाराने किती अपिले जिंकली हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, विक्री किंवा खरेदी विभागाचा कोणता निर्णय त्याने तो होण्यापूर्वीच बदलून घेतला. यावर त्याच्याकडे उत्तर नसेल, तर त्याला तज्ज्ञ म्हणून ठेवा, प्रमुख म्हणून नको.