शेवटचं पान आधी नाही!

कबूल करते, मी चीटर आहे. रहस्यकादंबरी हातात आली की पन्नासाव्या पानापर्यंत माझा धीर सुटतो आणि मी गुपचूप शेवटचं पान उघडते. खुनी कळला की मग निवांत! ऑफिसातल्या डेडलाइनचं टेन्शन काय कमी असतं, की ते पुस्तकातही घ्यायचं?

ही सवय यंदाच्या पावसाळ्यात मोडली, तीही आमच्या हरसूलला. नाशिकहून निघायचं, त्र्यंबकच्याही पुढे जायचं, की डोंगरातलं आमचं गाव. अप्पा गणिताचे रिटायर्ड मास्तर आणि वाचनाचे पक्के व्यसनी. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन म्हटलं की विषय बदलतात. म्हणून वीकेण्डला मी वाचून दाखवते. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, हातात टॉर्च. आणि वाचून झालं की पुस्तक अप्पांच्या उशाखाली. लेकीची सवय त्यांना पाठ आहे ना!

पहिला मान बाबूराव अर्नाळकरांचा. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस! त्यांचा झुंजार जिंकणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. डोकं लढवायला फारसं काही नाही, पण मोठ्यानं वाचायला सॉलिड! वेग असा, की चहा गार होतो.

मग अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’. इंग्रजी समोर धरायचं आणि मराठीत सांगायचं. शेवट ऐकून अप्पा भडकलेच. ‘‘फसवलं बाईनं! ते मधलं पान परत वाच.’’ वाचलं. एक वाक्यही खोटं नव्हतं. नीट ऐकलं नव्हतं ते आम्हीच. माझं मत विचाराल तर, हिला दहापैकी दहा.

पण खरी बाजी मारली जपानच्या केगो हिगाशिनोनं. ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’, मूळ पुस्तक २००५चं. ‘जाने जान’ हा २०२३चा सिनेमा यावरूनच. खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं. म्हटलं, मग उरलं काय? पण यातला शेजारीही गणिताचा मास्तर! तो मुलांना असे प्रश्न घालतो, की दिसायला भूमितीचे, पण सुटतात बीजगणितानं. इथं अप्पांनी मला थांबवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘पोरी, आपण चुकीचंच गणित सोडवतोय.’’

पुढचं सांगणार नाही. एवढंच सांगते, की शेवट आला तेव्हा माझा आवाज फुटेना. अप्पांनी टॉर्च माझ्या हातातून घेऊन विझवला. हा शेवट मी आधी वाचला असता, तर त्या अंधारात आम्ही दोघं तसे बसलो असतो का?

सकाळी चहा घेताना अप्पा म्हणाले, ‘‘तारीख घे डॉक्टरची. पुढचं पुस्तक मीच वाचणार.’’ मी खूश! आणि खरं सांगू? थोडी खट्टूसुद्धा.

आता पुढचं पुस्तक तुम्ही सुचवा. फक्त खुनी कोण, ते सांगू नका. प्लीज!