शून्य-सात-एक-दोन

टेलिफोनचे एसटीडी कोड कधी नकाशासारखे वाचून बघितलेत? कोल्हापूर ०२३१, नाशिक ०२५३, सोलापूर ०२१७. सगळे दोनाच्या घरातले. आता आपल्याकडे या. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४. एकदम सातात! आणि या सातात शेजारी कोण? जबलपूर ०७६१, रायपूर ०७७१, भोपाळ ०७५५.

म्हणजे राजेहो, फोनच्या नकाशात विदर्भ अजून सीपी अँड बेरारमध्येच आहे. अगदी तंतोतंत नाही. भोपाळ, इंदूर कधी सीपीत नव्हते. पण चेहरा तोच.

गंमत तारखांची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. देशातली पहिली एसटीडी सेवा त्यानंतर, नोव्हेंबर १९६० मध्ये, लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. तोवर सगळा कारभार ट्रंक कॉलचा: ऑपरेटरकडे बुक करा आणि वाट बघत बसा. घाई असेल तर ‘लाइटनिंग’, आठपट पैसे मोजून.

एसटीडीत ऑपरेटरच्या जागी आकडे आले. छोटी एक्स्चेंज मोठीला जोडलेली, मोठी त्याहून मोठीला. कॉल कुठे वळवायचा हे यंत्राला कोडच्या आकड्यांवरून कळायचं. तारांना राज्याच्या सीमेशी काय घेणं? गोव्याचा ०८३२ बेळगावच्या ०८३१ शेजारी बसलाय, बघा.

कोडची लांबीही बोलते. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे. मुंबईचा कोड छोटा म्हणून नंबर आठ आकडी, नागपूरचा सात, यवतमाळचा (०७२३२) फक्त सहा. त्यात जुन्या गोल डायलवर जेवढा आकडा तेवढे ठोके, शून्याचे दहा. मुंबईचा कोड १४ ठोक्यांत संपायचा, नागपूरचा २०, यवतमाळचा २४! लहान गावाला फोन लावताना बोटंही जास्त झिजायची.

मोबाइलवाल्यांनी मात्र नवा नकाशा काढला. मुंबई वेगळी, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा एका सर्कलमध्ये. विदर्भ गुपचूप त्यात. नंबरवरून गाव ओळखायची सोयच गेली.

तरी पुण्यात मोबाइलच्या स्क्रीनवर ०७१२ उमटलं की मीटिंग सोडून बाहेर पळणारे वैदर्भीय मला माहीत आहेत. घरचे केव्हाच व्हॉट्सॲपवर आलेत. हा फोन कुठल्यातरी ऑफिसातून असणार, हेही त्यांना ठाऊक असतं. पळतात.