बाईच्या ताटात काय उरतं?

‘मैदा टाळा, भात कमी करा, ज्वारी-बाजरी-नाचणी खा, डालडा नको, तेल बेतानं वापरा.’ आरोग्य शिबिरांत हा सल्ला आपण नेहमी ऐकतो, देतोही. सल्ला खोटा नाही. १०० ग्रॅम पॉलिशच्या तांदळात चोथा जेमतेम ३ ग्रॅम, तेवढ्याच ज्वारीत सुमारे १० ग्रॅम. त्यामुळे भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. डालड्यासारख्या वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला घातक. म्हणूनच २०२२ पासून तेला-तुपात तिचं प्रमाण २ टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे.

पण मैत्रिणींनो, हा सल्ला कुणाच्या ताटासाठी असतो? ‘त्यांना साखर आहे, भाकरी करून घाला’, असं बाईला सांगितलं जातं. तिची साखर कुणी तपासली? सगळे जेवून उठले की तिच्यासाठी उरतो भात आणि उसळीचा नुसता रस्सा. भज्यांचं तापून काळं झालेलं तेल टाकवत नाही, म्हणून तीच ते वापरून संपवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, आणि २३ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. भातानं पोट भरतं. डाळ, पालेभाजी वाट्याला येत नाही. अशा ताटातून हे दोन्ही होऊ शकतं.

भाकरीमागे कष्टही आहेत. दळून आणा, पीठ मळा, एकेक थापा, चुलीपुढे बसा. सकाळी मजुरीला निघणारी बाई कुकर लावते, तो आळसानं नव्हे. ‘पौष्टिक खा’ म्हणजे ‘बाईनं आणखी राबावं’ असा अर्थ होणार असेल, तर तो आपल्याला मान्य नाही. भाकरी पुरुषांनाही थापता येते, शिकली तर.

आणि धान्य? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे. याच कायद्यानं रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरते. कार्ड तिच्या नावाचं, पण पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच पडतो. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारी-नाचणी रेशनवर नियमित मिळावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर निदान एवढं करू : मूठभर शेंगदाणे, जवसाची किंवा कारळ्याची चटणी यांतून चांगली स्निग्धता मिळते. ती, आणि डाळीची पहिली वाटी, आपल्याही ताटात वेळेवर वाढून घेऊ. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगावं : काल रात्री मी कितव्या पंगतीला बसले आणि माझ्या ताटात काय होतं? आहाराची चर्चा तिथून सुरू व्हावी.