मेघाच्या वाटेनें

सुट्टी जवळ आली कीं घरोघरीं "यंदा कोठें जावें?" हा प्रश्न निघतो. हल्लीं त्याचें उत्तर बहुधा प्रवासी कंपनीच्या पत्रकांत छापलेलें मिळतें : आठ दिवस, चौदा ठिकाणें. परत आलेल्या मंडळींस काय पाहिलें म्हणून विचारावें, तर गाडी कोठें थांबली आणि जेवण कसें होतें, हेंच अधिक ऐकूं येतें. दोष मंडळींचा नाहीं. त्या चौदा ठिकाणांना जोडणारें सूत्रच नसतें. आपल्या भरतखंडांत पाहण्याजोगें इतकें आहे कीं एका जन्मांत तें सरावयाचें नाहीं. म्हणून निवड करून देणारा कोणी जाणता वाटाड्या हवा, आणि आम्हां नागपूरकरांच्या उंबरठ्यापासून वाट दाखविणारा असा एक वाटाड्या आहे : 'मेघदूता'चा कर्ता कालिदास.

यक्षानें ज्या रामगिरीवरून मेघाची पाठवणी केली, तो आपला रामटेक होय, असें म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार प्रतिपादन केलें. सरगुज्याच्या रामगढाकडे बोट दाखविणारे विद्वानही आहेत. वाद मिटलेला नाहीं. तथापि रामटेकाजवळचें नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही त्या कुळांत दिली होती, आणि पतीच्या पश्चात् मुलगा लहान असतां तिनें राज्य सांभाळलें. ऋद्धपूरच्या तिच्या ताम्रपटांत रामगिरिस्वामींच्या पादमूलाचा उल्लेख आहे. मला हा पुरावा वजनदार वाटतो. रामटेक नागपूरहून पन्नासेक किलोमीटरांवर. पण गडावर जाणारे बहुतेक लोक रामाचें दर्शन घेऊन, माकडांपासून प्रसाद वांचवीत खालीं उतरतात. गडावरचा भव्य वराह आणि केवल-नरसिंहाचें वाकाटककालीन देऊळ यांच्याकडे वळणारे थोडे. तो वराह मात्र नीट पाहून ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

आम्रकूट म्हणजे अमरकंटक, असें सामान्यतः मानितात. नर्मदेचें उगमकुंड तेथें पाहावें. पण खडकांत फुटून वाहणारी रेवा, जिला कवीनें हत्तीच्या अंगावरील रंगरेषांची उपमा दिली, ती डोळ्यांनीं पाहावयाची तर मी जबलपूरजवळच्या भेडाघाटास जाण्याचा सल्ला देईन.

विदिशेस मात्र दोन दिवस तरी काढावे. नागपूरहून इटारसी-भोपाळवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच तें आहे. तेथील उदयगिरीच्या लेण्यांत, मनुष्याच्या दुप्पट उंचीचा वराह पृथ्वीला दातावर उचलून उभा आहे. शेजारच्या लेण्यांत चंद्रगुप्ताच्या कारकीर्दींतला, इ. स. ४०१-०२ चा लेख आहे. बापाच्या राज्यांत हा वराह आणि लेकीच्या राज्यांत रामटेकचा! माहेर आणि सासर यांमधलें हें नातें दोन्ही मूर्ति पाहिल्यावांचून ध्यानीं येत नाहीं. कवीनें येथें ज्या 'नीचैः' नामक टेकडीचा उल्लेख केला, ती हीच, असें कित्येकांचें मत आहे. गांवाबाहेर हेलिओदोर नामक यवनानें, तक्षशिलेच्या राजाच्या दूतानें, इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत वासुदेवाप्रीत्यर्थ उभारलेला गरुडध्वज आहे; परदेशांत मुलें असलेल्या घरांनीं तो अवश्य पाहावा. सांचीचे स्तूप तेथून दहा किलोमीटरांच्या आंत. कवि त्यांविषयीं मौन आहे. आपण मौन पाळण्याचें कारण नाहीं.

विदिशेहून मेघाची वाट खरी उत्तरेची. पण घाईंत असलेल्या त्या दूतासही कवि म्हणतो कीं, वाट वांकडी झाली तरी चालेल, उज्जयिनी चुकवूं नकोस. आमच्या पत्रकवाल्यांनीं एवढें तरी शिकावें! महाकालाचें सध्याचें देऊळ अठराव्या शतकांत राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनीं उभारविलें. २०२२ पासून भोवतीं मोठें प्रांगण झालें आहे, गर्दीही तशीच. भस्मारतीची नोंदणी आधीं करावी लागते. वृद्धांनीं पहाटेचा हट्ट सोडून सायंकाळीं जावें. कवीनें मेघालाही संध्यासमयच सांगितला आहे.

पुढें दशपुर, म्हणजे मंदसोर. लाट देशांतून आलेल्या रेशीमविणकरांनीं तेथें सूर्यमंदिर बांधिलें. त्याच्या जीर्णोद्धाराचा इ. स. ४७३ च्या सुमाराचा लेख वत्सभट्टीनें रचला, आणि त्यावर कालिदासाची छाया स्पष्ट दिसते.

ही सारी वाट एका दमांत करूं नये. आषाढांत रामटेक, पावसाळा सरल्यावर अमरकंटक आणि भेडाघाट, हिवाळ्यांत विदिशा-उज्जयिनी-मंदसोर, असे तीन प्रवास करावे. बरोबर 'मेघदूता'ची एक सटीक प्रत घ्यावी, आणि शक्य तर तें काव्य ज्यांना मुखोद्गत आहे अशा आजोबांना न्यावें. पुष्कळ घरांत तें आतां एकाच माणसाच्या तोंडीं उरलें आहे, नातवंडांना संस्कृत शंभर गुणांपुरतें येतें, आणि आजोबांचे गुडघे दरवर्षीं थोडे अधिक कुरकुरतात. उदयगिरीच्या पायऱ्या त्यांना यंदा चढवतील. पांच वर्षांनीं चढवतीलच असें नाहीं.

हरद्वाराजवळच्या कनखलापर्यंत रेल्वेच्या आधारानें वृद्धांस सुखानें जातां येतें. त्यापुढें कैलास आणि मानससरोवर. २०२० पासून बंद पडलेली ती यात्रा २०२५ मध्यें पुन्हा सुरू झाली. सरोवर साडेचार हजार मीटरांहून उंच असल्यानें वैद्यकीय तपासणींत उतरल्यावांचून परवानगी मिळत नाहीं. घरांतल्या तरुणांनीं तेवढ्यासाठीं आतांपासून रोज पांच-सहा किलोमीटर चालावयास लागावें.